पसंतीक्रम कोणाचा?

दहावीचा निकाल लागला कीं आपल्या एकत्र कुटुंबांत पहिले दोन दिवस पेढ्यांचे जातात आणि तिसऱ्या दिवसापासून सल्ल्यांना आरंभ होतो. काका म्हणतात, विज्ञानच घे. आत्या म्हणते, वाणिज्य काय वाईट? आजोबांच्या मनांत त्यांच्या वेळचें एखादें नांवाजलेलें कॉलेज असतें. आणि ज्याचा निकाल लागला तो मुलगा मात्र कोपऱ्यांत बसून सर्वांची तोंडें पाहत असतो. शाळेंत संस्कृत शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें आणि निवृत्तीनंतर शेजारच्या मुलांचे अकरावीचे अर्ज भरून देण्याचें काम आपोआप माझ्याकडे आलें. त्या अनुभवावरून वडील मंडळींस चार शब्द सांगावेसे वाटतात.

प्रथम ही व्यवस्था समजून घेऊं. अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाची पद्धत मुंबई विभागांत २००९ सालीं सुरू झाली. पुढें ती इतर मोठ्या शहरांत गेली आणि २०२५ सालीं सर्व महाराष्ट्रास लागू झाली. अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्यांत विद्यार्थ्याची माहिती असते. दुसऱ्यांत त्यास हवीं असलेलीं कॉलेजें, शाखेसह, पसंतीच्या क्रमानें लिहावयाचीं असतात. २०२५ सालीं कमींत कमी एक व जास्तींत जास्त दहा नांवें लिहितां येत होतीं. नियम दरवर्षीं थोडेफार बदलतात. म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका मुळापासून वाचावी, शेजाऱ्यांच्या सांगण्यावर विसंबूं नये.

या पसंतीक्रमाविषयीं सुशिक्षित घरांतही एक मोठा गैरसमज आढळतो. जें कॉलेज आपण वर लिहूं तेथें आपला हक्क इतरांच्या आधीं लागतो, अशी पुष्कळांची समजूत असते. तसें नाहीं. संगणक गुणवत्तेची यादी घेऊन वरून खालीं येतो. एकेका विद्यार्थ्यापाशीं थांबून त्याचीं नांवें क्रमानें वाचतो आणि ज्या पहिल्या ठिकाणीं त्याच्यासाठीं जागा उरली असेल ती त्यास देऊन पुढें जातो. म्हणजे एखादें कॉलेज आपल्या मुलानें पांचवें लिहिलें आणि त्याच प्रवर्गांतील, परंतु कमी गुणांच्या मुलानें तें पहिलें लिहिलें, तरी तेथील जागेवर आपल्या मुलाचाच विचार आधीं होतो. तेव्हां मनांतलें कॉलेज वर लिहिण्यानें खालच्या नांवांवरील हक्क जात नाहीं. नुकसान होतें तें मनांत नसलेलें नांव वर लिहिल्यानें. कारण पहिल्याच पसंतीचें कॉलेज मिळालें तर तेथें प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांचें दार बंद होतें.

हें मी ज्या किंमतीस शिकलों ती मीं दिली नाहीं, माझ्या पुतण्यानें दिली. २०१८ सालची गोष्ट. आम्ही डोंबिवलीस राहतों. दादांनीं मुलाचा अर्ज माझ्यावर सोपविला; घरांत मास्तर असतां दुसऱ्या कोणास विचारायचें? मुलास जर्मन भाषा शिकावयाची होती आणि ती सोय असलेलें मुंबईंतील एक कॉलेज त्यानें हेरून ठेवलें होतें. तो मला म्हणाला, “काका, तें पहिलें लिहाल ना?” मी म्हणालों, “अरे, तें तुला मिळायचें नाहीं. आधीं हातचें धरून ठेवूं.” आणि घराजवळचें कॉलेज मीं पहिलें लिहिलें, त्याचें दुसरें. यादी लागली. घराजवळचें मिळालें. त्याच्या मनांतल्या कॉलेजची यादी पांचशेंपैकीं त्याच्या गुणांच्या तीन गुण खालीं थांबली होती. तो एक शब्दही बोलला नाहीं. यादी उघडून त्यानें मोबाइल माझ्या हातांत दिला व आंत निघून गेला. आज तो आपल्या नोकरींत सुखी आहे आणि मला पूर्वीसारखाच मान देतो. तरी त्या दिवसाची आठवण झाली म्हणजे मला त्याच्याकडे पाहवत नाहीं. सोळाव्या वर्षीं मुलास मित्रासारखें वागवावें, हें जुनें वचन मीं वर्गांत किती वेळां समजावून सांगितलें असेल!

मग वडील मंडळींनीं काय करावें? कोणीं कांहीं बोलण्यापूर्वीं मुलास एकट्यास बसवून कागदावर आपली यादी लिहूं द्यावी. नंतर प्रश्न विचारावे. जाण्यायेण्यास किती वेळ लागेल? फी झेपेल का? हवा तो विषय तेथें खरोखर शिकवितात का? गेल्या वर्षीं तेथील यादी किती गुणांवर थांबली? दहांपैकीं दोनतीन नांवें अशीं असावींत कीं जेथें ती यादी आपल्या गुणांच्या बरीच खालीं गेली होती. मात्र तीं सर्वांत शेवटीं असावींत.

शाखेविषयीं पुढचीं दारें दाखवून द्यावींत. वैद्यकाकडे जावयाचें तर जीवशास्त्र, अभियांत्रिकीकडे जावयाचें तर भौतिकशास्त्र व गणित लागतें. कायद्याचा पांच वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर घेतां येतो. विज्ञानाकडून पुढें कलाशाखेकडे येतां येतें. उलट वाट बहुधा नसते. एवढें सांगून थांबावें. निवड त्याची.

कागदपत्रें सांभाळणें हें मात्र खास आपलें काम. गुणपत्रक व शाळा सोडल्याचा दाखला यांच्या स्वच्छ प्रती आधींच करून ठेवाव्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीं २०१९ पासून दहा टक्के जागा राखीव आहेत. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत असेल व बाकीच्या अटींत आपण बसत असूं, तर त्याचें प्रमाणपत्र तहसील कार्यालयांतून काढावें. त्यांत संकोच कसला? परंतु त्यास दिवस लागतात, म्हणून निकालाची वाट पाहूं नये. अर्जाचा परवलीचा शब्द घरच्या वहींत लिहून ठेवावा, आणि अर्ज ‘लॉक’ करण्यापूर्वीं मुलाकडून एकदां मोठ्यानें वाचून घ्यावा.

यंदा माझ्या नातीचा अर्ज होता. तिनें आपली यादी आणून माझ्यापुढें ठेवली आणि विचारलें, “आजोबा, पहिलें कोणतें लिहूं?” मी म्हणालों, “तें तूं ठरव. मला एवढेंच सांग, हें सातवें मिळालें तर तेथें आनंदानें जाशील का?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनें तें नांव खोडलें व त्याजागीं दुसरें लिहिलें. माझ्या मनांतलें कॉलेज त्या यादींत नव्हतें. मीं विचारलें नाहीं.