'बारामतीकर' : एका विरळ आडनावाचा उगम व प्रसार

'कर' प्रत्ययाचे आडनाव गावात नव्हे, गावाबाहेर रूढ होते; कारण मूळ स्थान सांगण्याची गरज परक्या ठिकाणीच भासते. पेशवेकालीन सावकार बाबूजी नाईक यांचे मूळ आडनाव जोशी व 'नाईक' ही उपाधी होय. बारामतीतील वास्तव्यामुळे ते इतिहासात 'बारामतीकर' म्हणून ओळखले गेले. याउलट, त्यांच्या आश्रयास बारामतीत आलेले कवी मोरोपंत (१७२९-१७९४) तेथेच निवर्तले, तरी 'पराडकर'च राहिले. 'इंदापूरकर' या आडनावासही हाच न्याय लागू पडतो. सारांश, अशा आडनावांचा आजचा प्रसार हा मूळ गावातील वस्तीचा नव्हे, तर स्थलांतराचा निदर्शक ठरतो. केवळ आडनावांवरून स्थानिक इतिहास मांडल्यास पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असलेली कुटुंबेच उपरी ठरण्याचा धोका संभवतो.