खरखर कुठून येते, ते शोधा!

मुलीला शिवण शिकवताना आपण सांगतो, ‘टाका चुकला म्हणून सगळं उसवू नकोस, चुकलेला टाका शोध.’ मग हाच न्याय इलेक्ट्रॉनिक सर्किटला का बरं लावू नये?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणाऱ्या दहावीच्या एका मुलीने ५५५ टायमर आयसी वापरून छोटा सिंथेसायझर केला. आवाज वाढवायला एलएम ३८६ या आयसीचा अॅम्प्लिफायर जोडला. पण स्पीकरमधून सुराऐवजी नुसती खरखर! वडिलांनी बजावलं, ‘हे वाजलं नाही तर डिप्लोमाचं नाव काढायचं नाही.’ भाऊ म्हणाला, ‘फेक ते, तयार किट आण.’

पोरगी हटली नाही. वस्तीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी तिला एकच सूत्र दिलं, ‘एका वेळी एकच बदल कर आणि वहीत लिही.’

आधी तिने सिंथेसायझर काढून जुन्या मोबाईलवरचं गाणं अगदी हळू आवाजात अॅम्प्लिफायरला दिलं. गाणं स्वच्छ वाजलं. म्हणजे आयसी जळलेली नव्हती, स्पीकरही ठणठणीत. मग दोष येणाऱ्या सिग्नलच्या जोरात! या आयसीच्या १ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की आवाज २०० पट वाढतो. काढला की २० पट. ९ व्होल्टच्या बॅटरीवर आयसी फार तर सहा-सात व्होल्टची लहर देऊ शकते. ५५५ कडून तर थेट कित्येक व्होल्ट येत होते. भांडं लहान, दूध जास्त, उतू जाणारच! लहरीची वरची-खालची टोकं कापली जातात, तीच ही खरखर.

तिने कपॅसिटर काढला, मधे १० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल बसवला. सूर उमटला! तरी आवाज मोठा केला की पुन्हा फाटायचा. मल्टीमीटर लावला, तर त्या वेळी बॅटरीचे व्होल्ट धपकन उतरत होते. नवी बॅटरी आणि आयसीजवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्यावर काम झालं.

मैत्रिणींनो, हे काही पुरुषांचंच क्षेत्र नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला, तेव्हा गीता साराभाईंनी तिथे रचना केल्या होत्या.

वडील अजून फॉर्मचं नाव काढलं की ‘बघू’ एवढंच म्हणतात. पण परवा शेजारणीचा बिघडलेला रेडिओ त्यांनी स्वतःहून लेकीपुढे आणून ठेवला. तुमच्या घरात अशी खटपट करणारी मुलगी असेल, तर वाढदिवसाला एक साधा मल्टीमीटर द्या. फक्त बॅटरीवरच्या कामापासून सुरुवात करू द्या, घरच्या विजेला हात नको. आणि पहिल्या खरखरीला ‘तुला नाही जमायचं’ म्हणू नका.