कोलमडलेल्या आज्ञावलीचा स्टॅक ट्रेस व हरवलेली चिन्ह-माहिती

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्ह्यात पुसद येथे १९८३ मध्ये आणि यवतमाळ येथे १९९६ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. संगणकाच्या प्रात्यक्षिकांत आज्ञावली लिहिण्याचा सराव भरपूर होतो; कोलमडलेली आज्ञावली वाचण्याचा सरावही तितकाच आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्यातील एका अडचणीचे विवेचन केले आहे.

समस्येचे स्वरूप :
कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले, याची उलट क्रमाने मांडणी म्हणजे स्टॅक ट्रेस होय. समजा, सी भाषेतील निकालाच्या आज्ञावलीत ‘मेन’ने ‘गुणपत्रक’ला व त्याने ‘सरासरी’ला बोलावले. एखाद्या विषयाला विद्यार्थीच नसल्याने पूर्णांकाला शून्याने भागले गेले आणि आज्ञावली कोलमडली. ट्रेसमध्ये ही तीन नावे व ओळींचे क्रमांक अपेक्षित असतात. प्रत्यक्षात मात्र केवळ पत्ते व प्रश्नचिन्हे दिसतात.

कारणमीमांसा :
प्रोसेसरला फंक्शनच्या नावाची गरज नसते, पत्ता पुरतो. नावे चिन्ह-सारणीत असतात. ओळींची माहिती ‘जीसीसी’ कंपायलरला ‘-जी’ हा पर्याय दिल्यासच, सामान्यतः ‘ड्वार्फ’ स्वरूपात, साठवली जाते. त्यामुळे ट्रेसवरून पुढीलप्रमाणे निदान करता येते :
१) नावे आहेत, ओळी नाहीत : बहुधा ‘-जी’ दिलेला नाही.
२) नावेही नाहीत : फाइल लहान करण्यासाठी ‘स्ट्रिप’ वापरले असावे.
३) मधलेच एखादे फंक्शन गायब : कंपायलरने वेग वाढवताना ते दुसऱ्यात विलीन केले असावे.
४) साखळीच विसंगत : स्टॅकवर चुकीचे लेखन झाल्याची शक्यता तपासावी.

उपाययोजना :
फाइल देण्यापूर्वी तिची ‘-जी’सह तयार केलेली मूळ प्रत जपून ठेवावी व ‘स्ट्रिप’ केलेली प्रत वापरास द्यावी. दोन्हींचा ‘बिल्ड-आयडी’ जुळत असल्यास ‘ॲडर२लाइन’ हे साधन पत्त्यावरून ओळ सांगते. मात्र आज्ञावली स्मृतीत दरवेळी वेगळ्या जागी चढवली जात असल्यास आरंभीचा पत्ता आधी वजा करावा लागतो. अपघातानंतर त्याच मजकुरावरून पुन्हा फाइल बनवणे पुरेसे ठरेलच असे नाही. कंपायलरची आवृत्ती किंवा पर्याय बदलले की पत्तेही बदलतात आणि ट्रेस भलत्याच ओळीकडे बोट दाखवतो.

निष्कर्ष :
चिन्ह-माहिती अपघातात हरवत नाही. ती त्याआधीच, फाइल तयार करताना किंवा लहान करताना गमावलेली असते. आज्ञावली लिहिणारा विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेल्यावर ती सांभाळणाऱ्या प्राध्यापकाच्या हाती हीच जपलेली प्रत उरते. म्हणून प्रकल्प स्वीकारताना मूळ मजकूर, कंपायलरची आवृत्ती, वापरलेले पर्याय व चिन्ह-माहितीसह फाइल मागून घेणे हा मूल्यमापनाचा भाग असावा.