लॅपटॉपचा बाण भरकटतो तेव्हां

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे वस्तूचा दोष शोधण्यापूर्वीं माणसाचा दोष शोधावयाचा, ही आपल्या एकत्र कुटुंबांची जुनी रीत आहे. घड्याळ बंद पडलें तर त्यास शेवटचा हात कोणीं लावला याचा पंचनामा आधीं होतो. घड्याळजीकडे जाणें मागाहून. आम्हीं स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ शाळेंत मुलांचे कान पिळले. तेव्हां या रीतीचा आम्हांस मोठाच अभिमान होता. परंतु दोन वर्षांपूर्वीं आषाढ महिन्यांत आमच्या लातूरच्या घरीं जो प्रकार घडला, त्यानें तो अभिमान पार उतरविला. असाच प्रकार वाचकांच्या घरींहि घडण्याजोगा आहे, आणि त्यांत एका यंत्राचाच नव्हे, तर घरांतील माणसांच्या जिवाचाहि प्रश्न गुंतलेला होता. म्हणून तो येथें सविस्तर सांगतों.

आमची नात त्या वर्षीं बारावी उत्तीर्ण झाली होती. अभियांत्रिकीच्या प्रवेशाकरितां महाविद्यालयांचा पसंतिक्रम संगणकावरून भरावयाचा असतो, आणि त्या क्रमावर मुलांचीं पुढील चार वर्षें अवलंबून असतात, हें आतां घरोघरीं ठाऊक झालें आहे. तिच्या यादींत पहिलें नांव नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेचें होतें. ही संस्था १९८१ सालीं स्थापन झालेली. शिवाय आमच्या थोरल्या कन्येचें सासर नांदेडास, त्यामुळें मुलगी आपल्याच माणसांत राहील हा मोठा दिलासा. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती ओसरीवर लॅपटॉप घेऊन यादी लावीत बसली, आणि थोड्याच वेळांत रडकुंडीस आली. पडद्यावरील बाण तिच्या बोटाचें ऐकेना. तो थरथर कांपे, उडी मारून कोंपऱ्यांत जाई, आणि मध्येंच न दाबतां दाबल्यासारखें होऊन भलत्याच महाविद्यालयाच्या नांवावर खूण पडे.

"लक्ष कोठें आहे तुझें?" आम्ही गरजलों.

"आजोबा, मी कांहीं केलं नाहीं हो! याला हात लावला कीं नुसत्या मुंग्या येतात," ती म्हणाली. हें वाक्य ती दोनदां बोलली, आणि दोन्ही वेळां आम्हीं तें ऐकून न ऐकल्यासारखें केलें.

मग घरांत सभा भरली. आमच्या भावजयीचें म्हणणें कीं, मुलांनीं खेळ खेळून यंत्र बिघडविलें. आमच्या चिरंजीवांचें मत, आंत व्हायरस शिरला. धाकट्या बंधूंनीं तर, दूर कोठें तरी बसलेला एखादा लुच्चा आपला लॅपटॉप चालवीत आहे, अशी भीति घातली. दुसऱ्या दिवशीं यंत्र दुरुस्तीच्या दुकानांत गेलें. तेथें तें शहाण्या मुलासारखें वागलें. तरीहि दुकानदारानें, "बहुधा मदरबोर्ड गेला असेल, बदलून बघूं," असा सल्ला दिला. खर्चाच्या आंकड्यापेक्षांहि त्यांतील 'बघूं' या शब्दानेंच आम्ही दचकलों.

अर्जाची मुदत संपत आली होती. म्हणून चिरंजीवांनीं मुलीस घेऊन एस. टी.नें नांदेड गांठलें. तेथें आत्याच्या घरीं दोन दिवस बाण अगदीं सुतासारखा सरळ चालला, यादी भरली गेली, अर्जहि निश्चित झाला. मंडळी लातुरास परतली आणि पहिल्याच रात्रीं बाण पुन्हां नाचूं लागला. "नांदेडचं पाणी मानवलं असेल त्याला!" असें भावजय हंसत म्हणाली. सर्व हंसले. आम्ही मात्र विचारांत पडलों.

आमचें शिक्षण तें केवढें? मॅट्रिक आणि वर थोडें संस्कृत. परंतु आपल्या न्यायशास्त्रानें कार्यकारण ठरविण्याची जी पद्धति सांगितली आहे, ती मदरबोर्ड बदलून बघण्याच्या पद्धतीहून निश्चित चांगली आहे. एक असतां दुसरें असतें, हा अन्वय. एक नसतां दुसरें नसतें, हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्यावांचून 'हें याचें कारण' असें म्हणूं नये. धूर आणि अग्नि यांचें उदाहरण आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां दिलें. पण तेंच घरांतील बिघाडास लावून पाहावें, हें कधीं सुचलें नव्हतें.

आम्हीं नातीस शेजारीं बसविलें, वहींत दोन रकाने आंखले, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची असा नियम केला. प्रथम तारेचा साधा माऊस जोडला व बोट फिरविण्याच्या पट्टीस, म्हणजे टचपॅडास, हात लावला नाहीं. बाण स्थिर. व्हायरस असता तर तो माऊस लावतांच सोंवळ्यांत बसला नसता. तेव्हां संशय टचपॅडापुरता उरला. मग माऊस काढून चार्जर उपसला, आणि नुसत्या बॅटरीवर यंत्र चालविलें. बाण स्थिर. चार्जर लावला, बाण उडाला. शेजाऱ्यांचा त्याच जातीचा चार्जर आणून आमच्याच घरांत लावला; तरीहि बाण उडाला. आमचा चार्जर मात्र नांदेडास दोन दिवस निर्दोष चालला होता. निष्कर्ष उघड होता. दोष यंत्राचा नव्हे, चार्जराचा नव्हे, मुलीच्या बोटाचा तर मुळींच नव्हे. दोष आमच्या घरांतील विजेचा होता. तेव्हां कोठें आम्हांस त्या मुंग्या आठवल्या!

याचें शास्त्र थोडक्यांत असें. माऊसचा इतिहास पाहिला तर प्रत्येक पिढीचा रोग निराळा आहे. डग्लस एंजेलबार्ट यांचा पहिला माऊस १९६४ सालीं कॅलिफोर्नियांत लांकडी ठोकळ्यास दोन चाकें लावून बनविला गेला, आणि ९ डिसेंबर १९६८ रोजीं त्यांनीं सॅन फ्रान्सिस्को येथें ही युक्ति जाहीरपणें करून दाखविली. पुढें चाकांच्या जागीं गोळी आली. तिला धूळ आणि केस चिकटून बाण अडखळत असे. त्यानंतरच्या प्रकाशाच्या माऊसच्या पोटांत लहानसा कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाचीं सेकंदास हजाराहून अधिक चित्रें घेऊन एकमेकांशीं ताडून पाहतो. म्हणून नितळ कांचेवर तो आंधळा होतो. अशा माऊसखालीं साधा कागद ठेवला तरी पुष्कळदां बाण ताळ्यावर येतो.

टचपॅडाची गोष्ट वेगळी आहे. १९९४ सालच्या ॲपलच्या पॉवरबुक ५०० या यंत्रांपासून तें लॅपटॉपांत रूढ होत गेलें. तें बोटाचा दाब मोजीत नाहीं. बोट जवळ आलें असतां पट्टीखालील तारांच्या जाळींत विजेचा जो अगदीं सूक्ष्म फरक पडतो, तो मोजतें. आतां चार्जर २३० व्होल्टांची वीज घेऊन लॅपटॉपास वीसएक व्होल्ट पुरवितो. हें करितांना आसपासच्या यंत्रांस उपद्रव होऊं नये म्हणून त्याच्या आंत एक कपॅसिटर बसविलेला असतो, आणि त्यांतून किंचित् वीज लॅपटॉपाच्या बाजूस झिरपते. तीन पिनांच्या चार्जरांत ही गळती तिसऱ्या पिनेवाटे जमिनींत जावी अशी योजना असते. ती वाट बंद असली कीं लॅपटॉपाचें सारें शरीरच विजेच्या तालावर हेलकावे खातें, हाताला मुंग्या येतात, आणि बोटामुळें पडलेला फरक कोणता व विजेनें पडलेला कोणता, हें टचपॅडास उमजत नाहीं. वादळांत दिवा पाहणाऱ्यासारखी त्याची अवस्था होते.

आम्हीं वायरमनास बोलाविलें. त्यानें बोर्ड उघडला. हिरवी तार जागेवर होती. तिचा माग काढीत तो अंगणांत आला. तेथें आमच्या वडिलांच्या वेळचा अर्थिंगचा खड्डा होता, मीठ आणि कोळसा भरलेला; परंतु कांहीं वर्षांपूर्वीं अंगणांत शहाबादी फरशी घातली तेव्हां तो फरशीखालीं गाडला गेला होता. फरशी उचलून पाहतां खड्ड्याशीं जोडलेलें तारेचें टोक गंजून तुटलेलें, आणि खड्डा भट्टीसारखा कोरडा. पूर्वीं न्हाणीचें पाणी त्याच बाजूनें वाहत असे. परंतु एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, तेव्हांपासून सांडपाण्याचा थेंबहि वायां न दवडतां बादलींत धरून झाडांस घालण्याची संवय आमच्या घरास लागली. ती संवय उत्तमच. पण खड्ड्याची ओल मात्र तुटली. आपली काळी जमीन सुकली म्हणजे कशी भेगाळते हें मराठवाड्यांतील वाचकांस सांगावयास नको.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. लॅपटॉपाची किरकोळ गळती वाहून नेण्यास तार जोडलेली असली म्हणजे पुरे. खड्डा कोरडा असला तरी बाण शांत राहील. परंतु एखाद्या उपकरणांत मोठा बिघाड होऊन त्याचा पत्राच विजेनें भारला गेला, तर ती वीज जमिनींत उतरण्यास ओलावा अवश्य लागतो. आणि आमच्या न्हाणींतील पाणी तापविण्याचा गीझर त्याच तुटलेल्या तारेवर होता! सकाळीं पांचापासून घरांतील बायका-मुलें ओल्या अंगानें त्याच्याखालीं उभीं राहत. "गुरुजी, बाण उडाला म्हणून कळलं. गीझरनं कळवलं असतं तर अवघड होतं," असें वायरमन सहज म्हणाला. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं.

नवा खड्डा खणून घेतला, पाणी ओतण्यासाठीं त्यांत नळी ठेवविली, नवी तार ओढविली, आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसविला. घरांत गेलेली आणि परत आलेली वीज यांत एवढासा फरक पडला तरी हा स्विच क्षणार्धांत प्रवाह तोडतो. सर्व मिळून खर्च मदरबोर्डाहून कमी आला. बाण त्याच संध्याकाळीं वठणीवर आला, मुंग्याहि गेल्या.

अशा प्रसंगीं वाचकांनीं क्रम असा ठेवावा. प्रथम हात व टचपॅड कोरड्या फडक्यानें पुसावें; घामाचीं वा तेलकट बोटेंहि बाण भरकटवितात. दप्तरांत एखादा बिनतारी माऊस चालू राहून दबला जात नाहीं ना, हें पाहावें. मग चार्जर काढून पाहावें. बाण शांत झाला तर दुसऱ्या घरीं वा दुसऱ्या बोर्डावर लावून पाहावें. दोन पिनांचा जोड लावून तिसरी पिन निकामी करूं नये. ती इतर दोहोंपेक्षां जाड व लांब केलेली असते ती उगाच नव्हे, प्लग लावतांना जमिनीशीं संबंध आधीं जुळावा म्हणून. टचपॅड वर उचललेलें दिसलें किंवा झांकण नीट मिटेना, तर आंतील बॅटरी फुगली असण्याचा संभव आहे; यंत्र तत्काळ बंद करावें, पुन्हां चार्ज करूं नये, टोंचूं तर नयेच, जाणत्या कारागिराकडे न्यावें. बॅटरीवरहि बाण उडत असेल, तर मात्र टचपॅडाचा किंवा त्यास चालविणाऱ्या प्रणालीचा दोष मानावा.

आमच्या बंधूंची भीतिहि अगदींच निराधार नव्हती. परंतु बिघाडाचा बाण वेड्यासारखा थरथरतो. लुच्च्याचा बाण शहाण्यासारखा नेमक्या जागीं जातो, बँकेचें पान उघडतो. तसें दिसलें तर इंटरनेट तत्क्षणीं तोडावें, आणि पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावें.

शेवटची सूचना महत्त्वाची. कांहीं ठिकाणीं खड्डा न करतां बोर्डांतच तिसरी पिन न्यूट्रलला जोडून देतात. त्यानें बाण शांत होतो, पण कधीं न्यूट्रल तुटला तर उपकरणाचा पत्राच जिवंत होतो. असली स्वस्ताई करूं देऊं नये. तसेंच विजेची परीक्षा स्वतः न करतां परवानाधारक वायरमनाकडून करवावी.

असो. नात आतां नांदेडास त्याच संस्थेंत शिकते. निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्हीं तिला जवळ बोलावून म्हटलें, "त्या रात्रीं तूं खरें सांगत होतीस, आणि आम्हीं ऐकलें नाहीं, चूक आमची." ती लाजली, आणि "जाऊं द्या हो, आजोबा," म्हणून आंत पळाली. परंतु दर शनिवारीं तिचा फोन येतो, तेव्हां प्रकृतीच्या चौकशीआधीं ती विचारते, "खड्ड्यांत पाणी घातलंत का?" आणि आम्हीं तें घातलेलें असतें.