मोटारीचा भाता : पट्ट्यावरचा की धुरावरचा?

कामगार संघटनेच्या कचेरीत माणसे येतात ती बहुधा बडतर्फीचे, बोनसचे नाहीतर प्रॉव्हिडंट फंडाचे गाऱ्हाणे घेऊन. गेल्या पावसाळ्यात एक तरुण फिटर आला तो मात्र निराळाच प्रश्न घेऊन. त्याने एक जुनी पेट्रोल मोटार विकत घेतली होती. रोज घर ते कारखाना, आणि महिन्यातून एकदा बायकोमुलांसह घाट उतरून गावी, असा तिचा प्रवास. परत येताना घाटात गाडी दमते, ही त्याची तक्रार. एका गॅरेजवाल्याने त्याला सुपरचार्जर बसवायला सांगितले, दुसऱ्याने टर्बोचार्जर. पतपेढीच्या कर्जाचा अर्ज त्याने भरूनच आणला होता. रकमेचा आकडा तेवढा घालायचा राहिला होता. "अण्णा, दोन्हींतला कोणता बसवू तेवढे सांगा," म्हणाला.

मी इंजिनियर नव्हे. शाळा सुटली ती लेथवर हेल्पर म्हणून लागलो, आणि जे काही यंत्रशास्त्र मला येते ते नगर वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि जुन्या मिस्त्रींच्या शिव्या खाऊन आलेले आहे. तरीही त्याला जे सांगितले ते येथे थोडे विस्ताराने मांडतो. कारण हा प्रश्न आता पुष्कळांच्या घरात शिरला आहे.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १५ किलो हवा लागते, आणि १५ किलो हवा म्हणजे जवळजवळ १२,००० लिटर! पेट्रोल जास्त ओतणे सोपे, हवा जास्त भरणे कठीण. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी ओढली जाईल तेवढीच हवा घेते. बाराशे सी.सी.चे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर दोन फेऱ्यांस एक श्वास या हिशेबाने ते फार तर १,८०० लिटर हवा घेईल. याहून अधिक शक्ती त्याच वेगात हवी, तर एक तर इंजिन मोठे करावे, नाहीतर हवा दाबून भरावी. लोहाराला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नुसता कोळसा टाकून तो थांबत नाही, भाता ओढतो.

ही नुसती उपमा नव्हे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या रूट्स बंधूंनी १८६० साली हवा ढकलणाऱ्या एका फिरत्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याने आधी भट्ट्यांना वारा घातला आणि पुढे त्याच जातीचे यंत्र मोटारीच्या इंजिनावर चढले. इंजिनात दाबून भरणा करण्याचे पेटंट जर्मनीत गॉटलीब डाइम्लर यांनी १८८५ सालीच घेतले होते. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीझने अशा भात्याच्या मोटारी मांडल्या.

आता सगळा वाद एकाच गोष्टीचा आहे : भाता ओढायचा कोणी?

सुपरचार्जरमध्ये तो इंजिन स्वतः ओढते. क्रँकशाफ्टच्या पुलीवरून पट्टा येतो आणि भाता फिरवतो. यात मोठा गुण असा की इंजिन फिरले की भाता फिरला. पाय दाबताक्षणी गाडी उचलते. दोष असा की भात्याची मजुरी आधी कापून घेतली जाते आणि मग उरलेली शक्ती चाकांना मिळते. भरधाव वेगात मोठा सुपरचार्जर कित्येक अश्वशक्ती स्वतःच खातो. ती पेट्रोलच्या पंपावर आपल्याच खिशातून जाते.

टर्बोचार्जरची युक्ती ॲल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरची, पेटंट १९०५ सालचे. पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा धुराबरोबर बाहेर जातो. त्या धुराच्या वाटेवर एक चक्र ठेवले, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे चक्र बसवले, की वाया जाणारा धूर भाता ओढू लागतो. अगदीच फुकट नाही. धूर अडला म्हणजे तो बाहेर लोटायला पिस्टनला जास्त जोर लागतो. पण पट्ट्यापेक्षा हा सौदा स्वस्त. मात्र धूर जोराचा होईपर्यंत चक्र सुस्त असते. पाय दाबला आणि शक्ती क्षणभराने आली, ही टर्बोची जुनी खोड. शिवाय छोट्या मोटारीतले हे चक्र मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जाते, तेही लालभडक होणाऱ्या घरात, आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल गेले की दांडा गेला.

रोजच्या वापराची खरी परीक्षा कशी होते याचा एक जुना दाखला मला फार आवडतो. १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबील जेटफायर नावाची मोटार निघाली. टर्बो लावून बाजारात आलेल्या पहिल्या दोन मोटारींपैकी ही एक. दुसरी शेव्हरोले कॉर्व्हेअर. साडेतीन लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन २१५ अश्वशक्ती देई. पण दाबलेली हवा तापते, तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी पेटते आणि पिस्टनवर हातोडे बसतात. त्यावर इलाज म्हणून शुद्ध पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारण्याची सोय केली होती. त्याची वेगळी टाकी मालकाने भरत राहायची. पुष्कळ मालक ती भरीनात. टाकी रिकामी झाली की दाब आपोआप तुटे. इंजिन वाचे पण गाडी मंद होई, आणि माणसे तक्रार घेऊन दुकानी जात. दोन वर्षांत दहा हजारांहून कमी गाड्या निघाल्या आणि ती बंद पडली. पुढे टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय कंपनीनेच केली. मालक निष्काळजी होते असे काही लेखक म्हणतात. मला ते पटत नाही. कामावर जाणाऱ्या माणसाने प्रयोगशाळेतल्या मदतनिसासारखे वागावे अशी अपेक्षा जे यंत्र करते, ते रोजच्या वापराचे नव्हेच.

१९७८ साली स्वीडनच्या साब कंपनीने ९९ टर्बो विक्रीस आणली. टर्बो लहान, म्हणजे लवकर जागा होणारा. आणि दाब फाजील वाढला तर धुराला बाजूने वाट देणारी झडप. रोजच्या रस्त्याचा टर्बो खरा येथून सुरू झाला. फोक्सवॅगनने २००५ साली एकाच १,४०० सी.सी.च्या इंजिनावर दोन्ही बसवून पाहिले : खालच्या वेगात सुपरचार्जर, वरच्या वेगात टर्बो. गाडी उत्तम चाले, पण यंत्र महाग व गुंतागुंतीचे. पुढे त्यांनी सुपरचार्जर सोडला, टर्बो ठेवला. मर्सिडीझच्या लहान गाड्याही 'कॉम्प्रेसर' सोडून टर्बोवरच गेल्या. आता संगणक इंधन आणि ठिणगी क्षणाक्षणाला मोजतो, हवा थंड करायला इंटरकूलर असतो, आणि पुष्कळ गाड्यांत दीड-दोन हजार फेऱ्यांवरच टर्बो जोर धरतो.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. नवी गाडी घ्यायची, रोज शहरातून चालवायची, तर कारखान्यातूनच टर्बो बसून आलेली घ्यावी. तेल पुस्तिकेत लिहिलेल्याच प्रतीचे आणि ठरल्या मुदतीत बदलावे. घाट चढून चहाला थांबलात तर एखादे मिनिट इंजिन सावकाश चालू द्यावे, म्हणजे त्या तापलेल्या दांड्याभोवतीचे तेल जळून कोळसा होत नाही. एवढी शिस्त कोणालाही झेपते.

पण त्या तरुणाचा प्रश्न निराळा होता. त्याला जुन्या, साध्या इंजिनावर भाता चढवायचा होता. तेथे निवडच करायची तर पट्ट्याचा सुपरचार्जर थोडा सोपा. धुराची नळी तोडावी लागत नाही, तापही कमी. पण दोन्हींचा दाब शेवटी त्याच पिस्टनवर, त्याच क्लचवर आणि त्याच गिअरवर येतो, आणि ते त्या दाबासाठी घडवलेले नसतात. शिवाय मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे : नोंदणीपुस्तकातला तपशील आणि कारखान्याचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. अश्वशक्ती हा त्या नोंदीचाच एक भाग. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हेच बोट दाखवील. गॅरेजवाल्यांनी यातले अक्षर काढले नव्हते.

मी त्याला म्हटले, "अर्ज खिशात ठेव, आधी गाडी दाखव." चढावर नेली. इंजिन ओरडत होते आणि गाडी मात्र पुढे सरकत नव्हती. क्लच प्लेट घासून घसरत होती. हवेची गाळणी काढली तर धुळीने गच्च. म्हणजे होते ते इंजिन धड श्वास घेत नव्हते आणि त्याची होती ती शक्ती चाकापर्यंत पोचत नव्हती. क्लच आणि गाळणी बदलली. कर्ज न काढता पगारातून भागले. घाटात तो अजून दुसऱ्या गिअरमध्ये चढतो, पण चढतो. पुढची गाडी टर्बोची घ्यायची आणि घेण्यापूर्वी मला दाखवायची, असे ठरले आहे.