अपुऱ्या दिवसांचे बाळ घरी आणताना: घरात काय हवे, कोणती तपासणी चुकवू नये

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या एनआयसीयूमधून बाळाला घरी सोडणार म्हटले, की खरेदीची लांबलचक यादी तयार होते. त्यातल्या बऱ्याच वस्तू पुढे कपाटातच राहतात. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली डोळ्यांची तपासणी मात्र विसरली जाते. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या आईवडिलांसाठी ही छोटी यादी.

घरात काय हवे?

• सुती टोपी, मोजे, झबली आणि भरपूर लंगोट. पावसाळ्यात कपडे लवकर वाळत नाहीत, म्हणून जास्तीचे ठेवा. दमट कपडा बाळाला घालू नका.
• डिजिटल थर्मामीटर. काखेतले तापमान ९७.७ ते ९९.५ अंश फॅरनहाइट असावे.
• स्टीलची वाटी आणि चमचा. बाळाला ओढून पिता येत नसेल, तर आईचे दूध काढून वाटी-चमच्याने पाजा. बाटली नको.
• बाळाला छातीशी बांधायला मऊ सुती ओढणी किंवा जुनी साडी.

ओढणी कशासाठी?

कांगारू मदर केअरसाठी. फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घातलेले बाळ आईच्या उघड्या छातीवर उभे ठेवायचे. त्याने बाळ उबदार राहते, दूध चांगले येते, जंतुसंसर्ग कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिवसाला ८ ते २४ तास, जमेल तितका जास्त वेळ, हे करण्याची शिफारस केली. आई थकली तर बाबा किंवा आजीनेही बाळ घ्यावे.

काय टाळावे?

शेगडीचा शेक, धुरी, काजळ, मध आणि गुटी. यातले काहीही या बाळांना नको. बाळाला बघायला येणाऱ्यांची गर्दीही नको. बाळाला घेणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत.

डोळ्यांची तपासणी: ३० दिवसांच्या आत

या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या जन्मावेळी पूर्ण वाढलेल्या नसतात. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढल्या, तर पडदा सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते. या आजाराला आरओपी म्हणतात. बाहेरून डोळे अगदी छान दिसतात, म्हणून घरी ते कळत नाही.

३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. डिस्चार्जपासून नव्हे, जन्मापासून मोजा. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांची २ ते ३ आठवड्यांतच करावी लागते.

आपल्याकडे सव्वा महिना बाळाला घराबाहेर काढत नाहीत. इथेच वेळ हातातून जाते. आजीला हे नीट समजावून सांगा. वेळेत कळले तर लेझरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचवता येते. एक तपासणी चांगली आली तरी डॉक्टर सांगतील तितक्या वेळा पुन्हा जा.

कानांची तपासणीही करून घ्या. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब बालरोगतज्ज्ञांना विचारून. मान धरणे, बसणे मात्र मूळ प्रसूतीच्या तारखेपासून मोजा.

मदत कुठे?

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर शासकीय रुग्णालयात मोफत उपचार होतात. आशाताई घरी येऊन बाळ तपासतात. डिस्चार्ज झाल्यावर त्यांना कळवा. दाखल असलेल्या बाळाला आईचे दूध पुरत नसेल, तर डॉक्टरांना मिल्क बँकेबद्दल विचारा. आशियातील पहिली मिल्क बँक १९८९ मध्ये आपल्या जवळच, सायन रुग्णालयात सुरू झाली.

लगेच रुग्णालयात न्या

बाळ दूध पीत नाही, अंग गार लागते, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाते, ओठ निळे, तळवे पिवळे किंवा झटके: यातले एकही दिसले तर थांबू नका. १०८ ला फोन करा आणि नेतानाही बाळ छातीशीच ठेवा.

आता डिस्चार्ज कार्ड काढा, जन्मतारखेत ३० दिवस मिळवा आणि ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.