आधी सत्त्व वाढवा, मग शुद्ध करा!



मळीची किंमत आपल्याला अल्कोहोल निघू लागल्यावर कळली. तेलाचंही तसंच आहे.

सोयाबीन तेलाचा वास घालवण्यासाठी ते निर्वात टाकीत २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर निघणाऱ्या चिकट द्रवात जीवनसत्त्व ‘ई’ असतं. इव्हान्स व बिशप यांनी १९२२ साली शोधलं, तेच हे. पण सोबत स्निग्धाम्लं आणि स्टेरॉलही असतात. एकदम शुद्ध करू गेलं, तर खर्च परवडत नाही.

म्हणून आधी स्निग्धाम्लांवर मिथेनॉलची प्रक्रिया करून त्यांची एस्टरं बनवतात. थंड करताच स्टेरॉलचे खडे जमतात, ते गाळून काढतात. मग निर्वातात एस्टरं उडवून लावतात. मागं राहतं ते ‘ई’नं दाट झालेलं तेल. शेवटचं शुद्धीकरण त्यानंतर. आपण तरी काय करतो? रस आधी आटवतो, मगच दाणा धरतो.

सोयाबीन आपल्याही शिवारात पिकतं; पण बी विकलं की आपण मोकळे! पेंड, तेल, ‘ई’ यांचा नफा दुसऱ्याच्या दारात जातो. उसात एकीनं जे साधलं, ते इथं का साधू नये? विचार व्हावा, ही विनंती.